ठाणे-नवी मुंबईच्या बाल्कनीत पिंपळी: काडी लावण्यापासून वाळवणापर्यंत

समोर दुसरा टॉवर, ऊन मोजून दोन तास, त्यातही अर्धं ग्रीलच्या पट्ट्यांतून गाळून आलेलं. अशा बाल्कनीत तुळस लांबट होऊन वाळते, गुलाबाचं तर नावच नको, आणि मग सगळे मनी प्लँटवर येऊन थांबतात. पण जंगलात मोठ्या झाडांच्या बुडाशी, ओलसर पालापाचोळ्यात पसरणारी एक औषधी वेल या जागेवर खूश असते. ती म्हणजे पिंपळी, बाजारातली लेंडी पिंपळी. मिऱ्याची आणि विड्याच्या पानाची सख्खी बहीण. एकदा लावली की तीन-चार वर्षं टिकते.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी. ही वेल लावणं सोपं आहे, तिला पिंपळ्या धरायला लावणं तेवढं सोपं नाही. 'दोन वर्षं झाली, नुसती पानंच आहेत' ही तक्रार घरोघरी ऐकू येते आणि तिची कारणं बहुतेक वेळा दोनच असतात: वेल नर आहे, नाहीतर सावली फार दाट आहे.

१. आधी ओळख, मग खरेदी

नर्सरीत नुसतं 'पिंपळी द्या' म्हणालात तर हातात काहीही पडू शकतं. पिंपळाचं रोप, रानमिऱ्याची वेल, कधी विड्याचं पान. पाटीवर विसंबू नका, पानं बघा.

पिंपळीच्या वेलीवर दोन तऱ्हेची पानं असतात. जमिनीलगत सरपटणाऱ्या फांद्यांवरची पानं रुंद, बदामाच्या आकाराची आणि लांब देठाची असतात. वर उभ्या राहणाऱ्या फांद्यांवरची पानं निमुळती असतात आणि टोकाकडे जाताना देठ आखूड होत होत नाहीसा होतो. पान बुडाशी काडीला कवेत घेतल्यासारखं चिकटलेलं दिसतं. विड्याच्या किंवा मिऱ्याच्या वेलीवर पानांचा हा बदल दिसत नाही. खात्रीसाठी पान चुरगळून वास घ्या, मिऱ्याच्या जातीचा तिखट वास यायला हवा.

आता नर-मादीचं. पिंपळीत नर वेल वेगळी आणि मादी वेल वेगळी. आपण औषधात वापरतो ती मादी वेलीची फळं. नर वेलीलाही तुरे येतात, पण ते लांब, बारीक आणि लोंबते असतात, नंतर वाळून गळून जातात. मादीचा तुरा आखूड, जाडसर आणि उभा. म्हणून नियम एकच: अंगावर पिंपळ्या असलेल्या वेलीचीच काडी किंवा रोप घ्यायचं. ऑगस्ट ते ऑक्टोबर हा बघून घेण्याचा काळ. केरळ कृषी विद्यापीठाची 'विश्वम' ही निवड जात मिळाली तर उत्तम, ती मादीच आहे आणि जवळजवळ वर्षभर धरते. घोडबंदर रोडच्या नर्सऱ्यांत औषधी झाडांचा कोपरा असतो. तिथे रोपापेक्षा त्यांची मूळ वेल दाखवायला सांगा. ती दाखवायला टाळाटाळ झाली तर पुढच्या नर्सरीत जा.

बियांपासून करण्याच्या फंदात पडू नका. नर निघेल की मादी, हे कळायलाच वर्ष जातं. वाशीच्या मसाला मार्केटमधली वाळलेली पिंपळी पेरून तर काहीच उगवत नाही.

आणि येऊरच्या जंगलातून वेल उपटून आणू नका. तो संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे आणि राष्ट्रीय उद्यानातून वनस्पती काढणं वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली गुन्हा आहे. शिवाय जंगलातली वेल नर निघण्याची शक्यता आहेच.

२. जागा: सावली हवी, अंधार नको

शेतात पिंपळी नारळाच्या बागेत लावतात. नारळाखाली कशी हलती, गाळीव सावली असते, तशी तिला लागते. उजेडाचा साधारण चौथा हिस्सा अडला तर वेल छान धरते. तीन चतुर्थांश अडला तर ती जगते, पसरते, हिरवीगार दिसते आणि पिंपळी एकही देत नाही.

पूर्वेची बाल्कनी सगळ्यांत चांगली. सकाळी नऊ-साडेनऊपर्यंतचं ऊन आणि मग दिवसभर उघडा उजेड, एवढं पुरतं.

दक्षिणेच्या बाल्कनीत लोक फसतात. मे महिन्यात तिथे सावली बघून कुंडी ठेवली जाते आणि डिसेंबरात वेल भाजते. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला कलतो आणि ऊन थेट आत येतं, म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी कुंडी आत सरकवा. उत्तरेकडे उलट: मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत ठाण्यात दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो, त्यामुळे पाऊस सुरू होण्याआधीचे दोन-तीन आठवडे तिथेही चटका बसू शकतो. बाकी वर्षभर उत्तरेकडे वेल कठड्याच्या अगदी कडेला ठेवा. समोर टॉवर अंगावर आलेला असेल आणि दुपारीही खोलीत दिवा लावावा लागत असेल, तर तिथे पिंपळी धरणार नाही.

पश्चिमेला मार्च ते मे ५० टक्क्यांचं हिरवं शेडनेट बांधा. ऐरोली, वाशी, नेरूळला खाडीच्या बाजूने दुपारी वारा सुटतो, त्याने पानांच्या कडा करपतात. कुंडी कठड्याच्या भिंतीआड, खाली ठेवली की बराच फरक पडतो.

बेलापूर, खारघरच्या रो-हाऊसवाल्यांना किंवा सोसायटीच्या बागेत जागा असणाऱ्यांना नारळ किंवा आंब्याखालची जमीन मिळाली तर कुंडीचा विचारच करू नका. दोन वेलींत ६० सेंटीमीटर अंतर ठेवून थेट जमिनीत लावा. फक्त पावसाळ्यात पाणी साचणारी जागा नको, आणि गोगलगायींवर लक्ष ठेवा. मोठ्या शंखाच्या गोगलगायी एका रात्रीत कोवळे शेंडे खाऊन टाकतात. रात्री टॉर्च घेऊन वेचणं आणि मिठाच्या पाण्यात टाकणं, हाच खात्रीचा उपाय. मीठ मातीवर टाकू नका.

३. काय काय लागेल

- १२ इंची पसरट कुंडी किंवा ग्रो बॅग, तळाला चार-पाच भोकं असलेली. वेल सरपटते, तिला खोलीपेक्षा रुंदी हवी.
- लाल माती, जुनं शेणखत किंवा गांडूळखत, कोकोपीट, विटांचा जाड चुरा
- निंबोळी पेंड आणि ट्रायकोडर्माची पावडर
- काड्यांसाठी ४ × ६ इंची काळ्या पिशव्या
- धारदार कात्री, स्पिरिट, नीमतेल
- बॉटल स्प्रेअर

ओल्या मातीसकट ही कुंडी १५ किलोच्या आसपास भरते. ग्रीलच्या बाहेर, छज्ज्यावर ती ठेवू नका.

४. माती

इथे पोत्यात मिळणारी लाल माती चिकट असते. नुसती ती भरली तर पावसात चिखल होतो आणि उन्हात वीट. दहा लिटरच्या कुंडीसाठी प्रमाण असं: माती ४ लिटर, खत ३ लिटर, कोकोपीट २ लिटर, विटांचा चुरा १ लिटर. त्यात निंबोळी पेंड ५० ग्रॅम. ट्रायकोडर्मा खताच्या दर किलोला ५ ग्रॅम मिसळा आणि ते ओलसर खत सावलीत आठवडाभर झाकून ठेवून मग वापरा, म्हणजे बुरशी त्यात चांगली वाढते. ही चांगली बुरशी आहे, पुढे पावसात वाईट बुरशीशी तीच लढते.

कोकोपीट भिजवून पिळा, पाणी फेका, पुन्हा भिजवा. निदान दोनदा. त्यात क्षार असतात आणि पिंपळीची मुळं नाजूक असतात. खाडीची रेती त्याच कारणासाठी नको. बांधकामाच्या ढिगातून उचललेल्या वाळूत सिमेंटही असतं, तीही नको.

५. काड्या लावणे

फेब्रुवारीचा शेवट ते मार्च हा काड्या करण्याचा काळ. मग मृगाचा पाऊस येईपर्यंत रोप कुंडीत हलवायला तयार होतं. पावसाळ्यातही काड्या लागतात, पण निम्म्या कुजतात.

साधारण वर्षभराची, ना कोवळी ना लाकूड झालेली फांदी घ्या. तीन ते चार पेरांची काडी करा, खालचा काप पेराच्या लगेच खाली द्या. खालची पानं काढा, वरचं एक ठेवा; ते मोठं असेल तर अर्धं कापा. दोन पेरं मातीत जातील अशी पिशवीत रोवा आणि भोवतीची माती बोटांनी दाबा. कात्री दर वेलीनंतर स्पिरिटने पुसा.

एका कुंडीत तीन रोपं लागतात, तर सहा काड्या करा. दोन-तीन जातातच.

पिशव्या पूर्ण सावलीत, माती ओलसर पण चिखल नाही. तीन-चार आठवड्यांत मुळं धरतात. नवं पान आलं म्हणजे मूळ आलं असं समजू नका. काडीत साठवलेल्या ताकदीवरही पान फुटतं. काडी हलकेच ओढून बघा, अडली तर मूळ धरलं. पिशवीत दोन महिने काढल्यावरच कुंडीत हलवा.

शेजारी किंवा नातेवाइकांकडे वेल असेल तर याहून सोपा मार्ग आहे. सरपटती फांदी शेजारच्या मातीच्या डब्यावर वाकवायची, पेरावर हेअरपिन खोचायची आणि महिन्याने कापून घ्यायची. पेर मातीला टेकलं की ही वेल आपणहून मूळ सोडते. या पद्धतीत मर जवळजवळ नाहीच.

६. पाणी आणि खत

बोट दोन पेरं खोल घाला. ओलं लागलं तर पाणी नको. एप्रिल-मेमध्ये रोज द्यावं लागेल, थंडीत दिवसाआड. उन्हाळ्यात पाणी तोडलं तर वेल मरत नाही, पण मग पिंपळी फक्त पावसाळ्यातच धरते. मातीवर वाळक्या पानांचा दोन इंची थर ठेवा. सोसायटीचा माळी रोज पोतंभर पाला गोळा करतो, त्यातला मागून घ्या.

जून आणि सप्टेंबरमध्ये कुंडीमागे दोन-दोन मुठी गांडूळखत. मधल्या काळात काही नाही दिलं तरी चालतं. युरिया किंवा सतत जीवामृत (शेण-गोमूत्राचं पातळ खत) देत राहिलात तर पानं ताटाएवढी होतील आणि तुरे येणार नाहीत.

७. पावसाळा: वेली इथेच जातात

पिंपळीला ओल आवडते, साचलेलं पाणी नाही. जुलैत सलग आठ-दहा दिवस झड लागली की पानांवर काळपट, पाणी भरल्यासारखे डाग दिसू लागतात, मग बुडाशी काडी काळी पडते आणि अख्खा फाटा लोळतो. ही फायटोफ्थोराची कूज. मिऱ्याच्या वेलीही हीच बुरशी मारते.

पाऊस सुरू होण्याआधी चार कामं करा. कुंडीखालची ताटली काढून टाका (त्यात डेंग्यूचे डासही होतात, आणि महापालिकेची माणसं तपासायला येतात ती वेगळीच). कुंडी दोन विटांवर चढवा, म्हणजे भोकं मोकळी राहतात. आणि दाट फांद्या विरळ करा, वारा खेळला पाहिजे.

चौथं काम बोर्डो मिश्रणाचं, म्हणजे मोरचूद आणि चुन्याच्या बुरशीनाशक फवारणीचं. एक टक्का मिश्रण एक लिटर हवं असेल तर:

- मोरचूद १० ग्रॅम, अर्धा लिटर पाण्यात विरघळवलेलं
- कळीचा चुना १० ग्रॅम, दुसऱ्या अर्ध्या लिटरमध्ये विझवून गाळलेला

दोन्ही प्लास्टिकच्या भांड्यांत. धातूचं भांडं चालत नाही. मोरचुदाचं पाणी चुन्याच्या पाण्यात ओता, ढवळत ओता. उलट करू नका. मग लोखंडी खिळा मिनिटभर बुडवा. त्यावर तांबूस थर चढला तर मिश्रण पानं जाळेल, थोडं चुन्याचं पाणी वाढवा. त्याच दिवशी वापरा, उरलेलं ठेवू नका. जूनच्या सुरुवातीला पानांच्या दोन्ही बाजूंना आणि बुडाशी फवारा. ज्या वेलीवर काढायला आलेल्या पिंपळ्या आहेत तिच्यावर मात्र नको, त्या आधी तोडा. हातमोजे घाला, आणि हे डबे स्वयंपाकघरातले नसावेत.

डाग पडलेली पानं तोडून कचऱ्यात टाका, कंपोस्टमध्ये नाही.

पावसाळ्यानंतरचा शत्रू पिठ्या ढेकूण. पानांवर कापसासारखे पुंजके दिसले तर लिटरभर पाण्यात ५ मिली नीमतेल आणि दोन-तीन थेंब भांडी घासायचं लिक्विड घालून संध्याकाळी फवारा, आठवड्याने पुन्हा. पण तो मुळांवरही बसतो आणि ते लक्षात येत नाही. पाणी-खत सगळं ठीक असून पानं पिवळी पडताहेत, कुंडीभोवती मुंग्यांची ये-जा आहे, असं असेल तर मातीचा गोळा कुंडीतून सरकवून बघा. मुळांवर पांढरी पूड दिसली तर मुळं धुवा, नव्या मातीत लावा. वरून कितीही फवारलं तरी तिथे पोहोचत नाही.

८. तोडणी आणि वाळवण

लावल्यापासून सहा-सात महिन्यांनी पहिले तुरे तोडायला येतात. तुरा दिसल्यापासून तो तयार होईपर्यंत साधारण दोन महिने. रंग गर्द हिरव्यावरून काळपटाकडे झुकला आणि बोटाला टणक लागला की तोडायचा. झाडावर लालसर, मऊ होऊ दिलात तर तिखटपणा उतरतो. सगळ्या एकदम तयार होत नाहीत. दर आठ-दहा दिवसांनी फेरी मारा.

१०० ग्रॅम हिरव्या पिंपळीची वाळून जेमतेम १५ ग्रॅम होते. अपेक्षा बेताची ठेवा. शेतातही पहिल्या वर्षी वेलीमागे वाळलेली पंधरा-वीस ग्रॅमच निघते, तिसऱ्या वर्षी त्याच्या दुप्पट. तीन वेलींच्या कुंडीतून घरापुरती छोटी बाटली भरली तर पुष्कळ झालं.

ऑक्टोबरच्या उन्हात ताटावर पातळ पसरून चार-पाच दिवस वाळवा, संध्याकाळी आत घ्या. ऑगस्टमध्ये तोडली तर मात्र उन्हाची वाट बघू नका. ठाण्याच्या दमट हवेत दुसऱ्याच दिवशी बुरा येतो. पंख्याखाली एक दिवस सुकवून ओव्हनमध्ये सगळ्यात कमी आचेवर, दार फटीएवढं उघडं ठेवून कोरडी करा. वाळलेली पिंपळी वाकत नाही, कट्कन मोडते. नुसती वाकली तर आणखी वाळवा. पांढरा बुरा आलेली पुसून ठेवू नका, फेका. घट्ट झाकणाची काचेची बरणी बरी, प्लास्टिकला वास धरतो.

९. वापर: कमी आणि थोडे दिवस

पूड महिन्याभराचीच करा, वास उडतो. तव्यावर मिनिटभर कोरडी गरम करून, गार झाल्यावर कुटा आणि वस्त्रगाळ करा.

सर्दी-खोकल्यात घरोघरी चालणारे प्रकार असे. दुधातली पिंपळी: एक पिंपळी ठेचून, अर्धा कप दूध आणि अर्धा कप पाणी, पाणी आटेपर्यंत मंद आचेवर, मग गाळून. मधातून: चिमूटभर पूड चमचाभर मधात. त्रिकटू: सुंठ, मिरं, पिंपळी समभाग, वजनाने. चमच्याने मोजलंत तर प्रमाण चुकतं, तिघांची पूड सारखी जड नसते. हिरवी पिंपळी हाती असेल तर टोमॅटोच्या सारात मिऱ्याऐवजी दोन ठेचून घालून बघा; तिखट मागून चढतं आणि जिभेवर किंचित बधिरपणा राहतो.

चौसष्ट प्रहरी पिंपळी मात्र घरी होत नाही. ६४ प्रहर म्हणजे आठ दिवस-रात्र अखंड खल. मिक्सरमध्ये ६४ मिनिटं फिरवून ती होत नाही.

मोठ्या माणसाला दिवसाला एक पिंपळी किंवा पाव चहाचमचा पूड, तीही पाच-सात दिवस, एवढीच घरगुती मर्यादा ठेवा. चरकसंहितेच्या विमानस्थानात ज्या तीन गोष्टी अति खाऊ नयेत म्हणून बजावलं आहे, त्यांत क्षार आणि मिठाबरोबर पिंपळीही आहे. वर्धमान पिंपळीसारखे रोज मात्रा वाढवत नेण्याचे प्रयोग वैद्यांच्या देखरेखीशिवाय करू नयेत.

याचं आजचं कारणही ऐका. पिंपळीतलं पायपरीन हे द्रव्य इतर औषधं शरीरात जास्त शोषली जायला लावतं. फिट्सची फेनिटॉइन, दम्याची थिओफायलीन, रक्तदाबाची प्रोप्रानोलॉल यांची रक्तातली पातळी त्यामुळे वाढते. अशा गोळ्या किंवा रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पिंपळी औषध म्हणून घेऊ नका. गरोदरपणात नको. अल्सर, जळजळ, मूळव्याधीतून रक्त पडणं असेल तरी नको. लहान मुलांना घरच्या अंदाजाने देऊ नका. वर्षाखालच्या बाळाला तर मधही चालत नाही. आणि आठवड्यात खोकला थांबला नाही तर पिंपळी बंद करून डॉक्टर गाठा.

१०. तिसरं वर्ष

तिसऱ्या पावसाळ्यानंतर उत्पन्न उतरतं, बुडाशी काडी लाकडासारखी होते. जानेवारीनंतर वेल खोदून काढा. आधी तिच्या चांगल्या फांद्यांच्या काड्या करून पिशव्यांत लावून घ्या, म्हणजे मादी वेलीचीच पुढची पिढी हातात राहते. जाड मुळं आणि बुडाची जाड काडी धुऊन, दोन-तीन सेंटीमीटरचे तुकडे करून उन्हात कडकडीत वाळवली की ते झालं पिंपळमूळ. काळे डाग पडलेली किंवा कुजकट वासाची मुळं त्यात घेऊ नका. बोर्डो शिंपडलेली कुंडी असेल तर पिंपळमूळ करूच नये, मोरचुदातलं तांबं मातीत साठून राहतं. ती जुनी माती पुन्हा पिंपळीला वापरू नका. पसरून उन्हात तापवा आणि अबोली किंवा जास्वंदीला घाला.